रविवारी सुटलेले, सोमवारी जुंपलेले

हा डोंगर तुम्ही पाहिलेला आहे. प्रत्यक्ष नसेल, तर मुंबई-पुण्याच्या प्रवास कंपन्यांच्या हनिमून पॅकेजच्या जाहिरातीत तरी नक्की. उथळ, हिरव्यानिळ्या समुद्राच्या कडेला एकटाच उभा असलेला ताठ काळा कडा. ल मोर्न, मॉरिशसचं नैर्ऋत्य टोक, उंची ५५६ मीटर. आज पायथ्याशी पंचतारांकित हॉटेलं आहेत आणि समुद्रावर पतंगाच्या ओढीनं फळीवरून घसरत जाणारे पर्यटक. ते सगळं पुसून टाका. फोन ठेवून द्या, बूटही काढा. ज्यांच्यात मिसळायचंय ती माणसं अनवाणी आहेत.

तारीख १ फेब्रुवारी १८३५, वार रविवार. इकडे ऐन उन्हाळा आणि तुफानांचा हंगाम. ऊस कमरेच्या वर गेलाय, पण तोडणीला अजून चार-पाच महिने आहेत. ब्रिटिश संसदेनं १८३३ साली केलेला गुलामगिरीबंदीचा कायदा या बेटावर आजपासून लागू होतोय. वेस्ट इंडीजमध्ये तो सहा महिन्यांपूर्वीच लागू झाला, केप कॉलनीत दोन महिन्यांपूर्वी. मॉरिशसचा नंबर शेवटी लागला. आधी डोंगराकडे बघू.

वर कड्यावर, घळींत आणि गुहांत, मळ्यांवरून पळालेले गुलाम राहायचे. त्यांना इथे ‘मारों’ म्हणतात. माथ्याकडे जाणारी वाट एका चिंचोळ्या खिंडीपाशी तुटते. ती ओलांडली की पलीकडचा माणूस सहजी हाती लागत नसे. गोष्ट अशी सांगतात की कायदा लागू झाल्यावर सरकारनं शिपायांची एक तुकडी इकडे पाठवली, ‘तुम्ही आता सुटलात’ एवढं सांगायला. वरच्यांनी गणवेश पाहिले. गणवेश म्हणजे पकडायलाच आलेले, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव. परत साखळीत जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

मी तुम्हाला माथ्यावर नेणार नाही. कारण ही उडी सरकारी कागदात नाही. गुहांमधून चुलींच्या खुणा आणि हाडं सापडली, माणसं तिथे राहत होती यात शंका नाही. उडीची नोंद मात्र कुणी केलेली नाही. ती जपली पायथ्याच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी, तोंडातोंडी. मला विचाराल तर ती घडली की नाही याहून ती का सांगितली गेली हे महत्त्वाचं. ज्या माणसाला मुक्तीचा निरोपही पकड वॉरंटासारखा दिसतो, त्याचं आधीचं आयुष्य काय असेल? ते कळायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

१७२३. बेट फ्रेंचांचं आहे, नाव ‘ईल द फ्रान्स’. गुलामांसाठी राजाचा कायदा आलाय, आणि त्यात पळणाऱ्यांचं दरपत्रक दिलंय. महिनाभर गैरहजर राहिलात तर कान कापायचे आणि खांद्यावर राजचिन्हाच्या लिली फुलाचा डाग द्यायचा. पुन्हा पळालात तर गुडघ्यामागची शीर तोडायची आणि दुसऱ्या खांद्यावर डाग. तिसऱ्यांदा मृत्यू. माणसं येतात ती मुख्यतः मादागास्करहून आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून, काही बंगाल आणि दक्षिण हिंदुस्थानातूनही. खाणं म्हणजे मका आणि मान्योक, म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद. गव्हर्नर ला बुर्दोने यानं गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून तो ब्राझीलहून आणवला. त्याचा पुतळा आजही बंदरासमोर उभा आहे; पोर्ट लुई हे शहर त्यानं वसवलं, हेही खरंच.

आता १७९६ मध्ये या, मजा बघायला. फ्रान्समध्ये क्रांती झालीय आणि १७९४ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या राष्ट्रीय सभेनं सगळ्या फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द केलीय. तो हुकूम घेऊन बाको आणि बुर्नेल हे दोन सरकारी प्रतिनिधी पोर्ट लुईला उतरतात, अंगावर क्रांतीचे पट्टे वगैरे. मळेवाले जमतात, आरडाओरडा होतो, आणि काही दिवसांत दोघांना जहाजावर चढवून थेट फिलिपिन्सच्या दिशेनं रवाना करतात. क्रांती चिरायू होवो, पण आमच्या उसात नको! पुढे १८०२ मध्ये नेपोलियननं गुलामगिरी रीतसर चालूच ठेवली. म्हणजे ज्या मुक्तीच्या दिवसाची सुट्टी मॉरिशसमध्ये आज १ फेब्रुवारीला पाळतात तो दिवस एकदा ३९ वर्षं आधीच येऊन दारातून परत गेला होता.

१८१० मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं. त्या मोहिमेत मुंबई इलाख्याचे देशी शिपाईही होते. तहात कबूल झालं की इथल्या लोकांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज तसेच राहतील. ‘लोक’ म्हणजे अर्थातच मालक. पंधरा वर्षांनी मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर लंडननं उठवला आणि जिकडेतिकडे ऊसच ऊस झाला. गुलाम आणणं इंग्रजी कायद्यानं केव्हाच बंद झालं होतं. तरी ते चोरून येत राहिले.

आता परत १८३५ च्या त्या रविवारी, पोर्ट लुईच्या रस्त्यांवर.

गर्दी आहे, पण दंगा नाही. रविवार तसाही गुलामांना शेतातून सुटीचा, स्वतःच्या तुकड्यावर चार रोपं लावायचा दिवस. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्यांकडे नीट बघा. ते आफ्रिकी नाहीत. ते हिंदुस्थानी कैदी आहेत, बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून काळ्या पाण्यावर पाठवलेले. १८१५ पासून इथले रस्ते आणि पूल तेच बांधतायत. पुढच्या वर्षी चार्ल्स डार्विन नावाचा एक तरुण इथे उतरणार आहे आणि त्यांचे चेहरे पाहून चकित होणार आहे. त्यांच्यातला एखादा देशावरचा किंवा घाटाखालचा असेलही. आजच्या जाहीरनाम्याशी त्यांचा काही संबंध नाही. हिंदुस्थानाचाही नाही: कंपनी सरकारचा मुलूख या कायद्यातून सरळ वगळलाय. तिथल्या गुलामांना १८४३ पर्यंत थांबावं लागेल.

कंपनी बागेच्या बाजूनं चला. तिथे आज आद्रियां देपिने या वकिलाचा पुतळा आहे. १८३५ मध्ये तो माणूस जिवंत आहे, मळेवाल्यांचा पुढारी, ‘ल सर्नेएं’ या वर्तमानपत्राचा संस्थापक. लंडननं १८३२ मध्ये जॉन जेरेमी नावाचा गुलामगिरीविरोधी सरकारी वकील पाठवला, तेव्हा मळेवाल्यांनी दुकानं आणि व्यवहार बंद पाडून त्याला माघारी पाठवलं. देपिने स्वतः लंडनला जाऊन बोलणी करून आला. मागणी एकच: मोबदला. तो मिळाला. संसदेनं सगळ्या वसाहतींतल्या मालकांसाठी मिळून २ कोटी पौंड मंजूर केले. मॉरिशसच्या वाट्याला त्यातले २० लाखांहून जास्त आले, सुमारे ६६ हजार माणसांपोटी. डोईमागे तीस पौंडांच्या वर. शेतातला गडी, मुकादम, सुतार, प्रत्येकाचा दर वेगळा.

ज्यांची डोकी मोजली त्यांना काय मिळालं? सोमवार उजाडेपर्यंत थांबा.

सोमवार, २ फेब्रुवारी. अंधार आहे तोवरच घंटा होते. तुम्ही झावळ्यांच्या झोपडीतून बाहेर येता, रांगेत उभे राहता, नाव पुकारलं जातं. कालचाच मुकादम, कालचीच कुदळ. काळ्या दगडांच्या जमिनीत उसाच्या ओळींमधलं तण काढायचं आणि निघालेले धोंडे उचलून एका बाजूला रचायचे. तुम्ही शेजारच्या बाईला विचारता, आता तुम्ही सुटलात ना? ती मान न उचलता सांगते की आता तिला ‘अप्रेंटिस’ म्हणतात.

कायद्यातच तसं लिहिलंय. शेतात राबणाऱ्यांनी आणखी सहा वर्षं, घरगड्यांनी चार वर्षं त्याच मालकाकडे काम ‘शिकायचं’. जे काम ती आठ वर्षांची असल्यापासून करतेय ते शिकायचं! आठवड्याचे ४५ तासांपर्यंत बिनपगारी, बदल्यात अन्न आणि कपडा. चाबूक मालकाच्या हातून काढून घेतलाय, तो आता खास नेमलेल्या मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं चालतो. तिचा पाच वर्षांचा मुलगा मात्र कालपासून पूर्ण मोकळा आहे, कारण सहाच्या आतली मुलं कायद्यानं लगेच सुटली. पण आईला त्याला पोसता आलं नाही तर त्यालाही एकविसाव्या वर्षापर्यंत मालकाकडे बांधून घ्यायची सोय त्याच कायद्यात आहे.

आणखी एक कलम आहे. उरलेली वर्षं नको असतील तर ती विकत घेता येतात. तुमच्या उरलेल्या कामाची किंमत ठरवतात, ती भरा आणि जा. मालकाला तुमच्यासाठी सरकारकडून एकदा पैसे मिळालेत. आता दुसऱ्यांदा तुमच्याकडून. हजारोंनी ते भरले. भाजी विकून, डुकरं पाळून, रविवारी मजुरी करून जमवलेले पैसे. या तारखेच्या सुट्टीबद्दल बोलताना मला डोंगरावरच्या उडीइतकीच ही नाणी मोजणारी माणसं आठवतात, पण त्यांचं स्मारक कुठे दिसत नाही.

चार वर्षं पुढे. १८३९ मध्ये ही उमेदवारी मुदतीआधीच रद्द झाली. आणि आता जे दिसतं ते मळेवाल्यांना अजिबात अपेक्षित नव्हतं: माणसं निघाली. पगार देतो म्हटलं तरी उसात राहिले फार थोडे. गाठोडं डोक्यावर, कोंबड्या काखेत. कुणी किनाऱ्यावर मासेमारीला, कुणी बंदरात हमालीला, कुणी डोंगरउतारावर जमिनीचा तुकडा धरून. काही ल मोर्नच्या पायथ्याशीही वसले. मालकांनी नंतर अहवालांतून त्यांना आळशी ठरवलं. ज्या घंटेच्या आवाजावर आयुष्य काढलं ती ऐकू येणार नाही इतक्या लांब जाण्याला आळस म्हणत असतील, तर असो.

पण मग उसाचं काय झालं, तर त्याची तजवीज आधीच झाली होती. म्हणून आपल्याला पुन्हा थोडं मागे जायचंय, मुक्तीच्या त्या रविवारच्याही तीन महिने आधी. २ नोव्हेंबर १८३४. ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईला लागतं. त्यातून ३६ मजूर उतरतात, छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले. कलकत्त्यात मॅजिस्ट्रेटसमोर कागद झालेत: पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडे. त्यांना उत्तरेकडच्या एका मळ्यावर नेतात. म्हणजे गुलाम सुटले त्या दिवशी त्यांच्या बदलीची माणसं बेटावर हजर होती. पहिल्या चार-पाच वर्षांत अशी वीस हजारांहून जास्त आली. इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला मजूर पाठवणं थांबवावं लागलं आणि १८४२ मध्ये नियम करून ते पुन्हा सुरू झालं. या वेळी कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुलं होतं.

इथून पुढे तुम्हाला दुभाषी लागणार नाही.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या आहेत. वर चढणारी माणसं रत्नागिरीकडची, सावंतवाडीकडची, मालवणकडची. गाठोड्यात तांब्या, एखादी गोधडी. प्रत्येकाला एक नंबर मिळतो आणि तो मरेपर्यंत सुटत नाही. त्यांच्याबरोबर तुम्हीही मळ्यावर जा. संध्याकाळी ज्या झोपडीत टेकायला जागा मिळते तिच्या शेजारच्या ओसरीवरून हाक येते, “खयचो रे तू?” तुम्ही गावाचं नाव सांगता. तो जागा करून देतो, भाकरी नाही, भात आहे म्हणतो, आणि मग हळूच विचारतो, ही खोपटी कुणी बांधली ठाऊक आहे का? भिंतीवर कुणाच्या तरी हाताच्या जुन्या खुणा आहेत, चुलीचे दगड आधीच काळे पडलेले. मुकादम या वस्तीला अजून ‘काळ्यांची छावणी’च म्हणतो.

तुम्हाला ठाऊक आहे. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कोकणातून आलेल्या त्या माणसाचा यात काही दोष नाही. त्याला मुंबईत दलालानं काय सांगितलं असेल याची कल्पना करता येते. पण त्याच्यामुळे मळेवाल्याला सुटलेल्या गुलामाला वाढीव मजुरी द्यावी लागली नाही, हेही तितकंच खरं. एकाला निघून जाता आलं आणि दुसऱ्याला येऊन अडकावं लागलं, आणि दोघांच्या मधे हिशेबाची एकच वही होती. अडकणं म्हणजे कसं? एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. १८६७ च्या कायद्यानं करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही स्वतःचा फोटो लावलेला पास खिशात ठेवायची सक्ती झाली. नसला की भटक्या म्हणून अटक. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या एका मळ्यावरच्या जर्मन वंशाच्या माणसानं याविरुद्ध अर्ज केला. त्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या होत्या. चौकशी आयोग आला, छळाच्या हकिकती बाहेर आल्या, थोडे नियम बदलले. मजूर येणं पूर्ण थांबायला विसावं शतक उजाडलं. तोवर साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी त्या धक्क्यावर उतरून गेले होते. मराठी त्यांतले थोडेच, पण टिकले. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि गणपतीत आपल्या जाखडीचा वंशज, ‘झाकरी’, नाचला जातो.

आता वर्तमानाच्या जवळ या. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. ब्रिटिशांनी सोडलं तेव्हा बहुसंख्य हिंदी वंशाचे, सत्तेतही तेच. साखर अजून जुन्या फ्रेंच घराण्यांकडे. आणि गुलामांचे वंशज, क्रिओल, बहुतेक सगळ्या रांगांत मागे. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा गायक पोलिस कोठडीत मेला. बेटावरचं पारंपरिक सेगा संगीत आणि रेगे एकत्र करून त्यानं ‘सेगे’ लोकप्रिय केलं होतं. बेटावर दंगली उसळल्या. २००१ पासून १ फेब्रुवारीला सार्वजनिक सुट्टी मिळू लागली, आणि २ नोव्हेंबरलाही. दोन तारखा, दोन समाज, दोन जागा: नोव्हेंबरमध्ये पाहुणे पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, म्हणजे मजूर उतरले त्याच दगडी पायऱ्यांपाशी, फुलं वाहतात, फेब्रुवारीत ल मोर्नच्या पायथ्याशी. युनेस्कोनंही तसंच केलं, जागतिक वारशाच्या यादीत २००६ मध्ये घाट आणि २००८ मध्ये डोंगर. राजकारणातला हा समतोल समजण्यासारखा आहे. पण ३६ मजुरांचं जहाज आणि ६६ हजारांची सुटका हे एकाच व्यवहाराचे दोन भाग होते, आणि दोन वेगळ्या सुट्ट्यांमुळे ते दिसेनासं होतं असं मला वाटतं.

यंदाच्या १ फेब्रुवारीला पायथ्याशी या. भाषणं होतात, पुष्पचक्रं होतात, ती कुठेही होतात तशीच. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी या. कडेला काही माणसं गवत पेटवून आगीभोवती उकिडवी बसलेली असतात. हातात रावान, म्हणजे आपल्या डफाची थोरली बहीण, बकऱ्याचं कातडं ताणलेली. ती आगीवर फिरवत राहायची, मधूनच बोटानं टिचकी मारून कानाशी न्यायची. दमट हवेनं सैल पडलेलं कातडं तापून ताणलं की आवाज बदलतो, मग बाजूला ठेवायची आणि दुसरी घ्यायची. मळ्यांवर रात्री असंच व्हायचं. मग मारावान नावाच्या वाद्यातल्या बिया खुळखुळतात, त्रिकोण वाजतो आणि बायका पाय न उचलता, वाळूवर सरकवत नाचू लागतात.

परतताना मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये थांबा. करारी मजुरांची दप्तरं तिथे आहेत. एखाद्या मराठी मॉरिशियन बाईनं पणजोबाचा नंबर दिला तर पान उघडतं: नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज, पुढच्या काळातला असेल तर फोटोही. त्या कागदाच्या जोरावर लोक कोकणातलं घर शोधत येतात. क्रिओल शेजाऱ्याला अशी सोय नाही. त्याच्या पणजोबाचं नाव मालकानं ठेवलेलं, आणि मूळच्या रकान्यात ‘मोझांबिक’. ते गाव नव्हे, तर ज्या किनाऱ्यावरून जहाजात कोंबलं तो किनारा.

२००९ मध्ये सरकारनं नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगानं १६३८ पासूनची गुलामी आणि करारी मजुरी एकत्र तपासली आणि २०११ मध्ये भला मोठा अहवाल दिला. वंशावळींपासून हडपलेल्या जमिनींपर्यंत सगळं त्यात आहे. त्यात जे शोधायला इतके कष्ट पडले त्याच्या शेजारी मालकांच्या मोबदल्याच्या वह्या ठेवून बघा. कुणाकडे किती माणसं, कुठल्या दराची, कुणाला किती पौंड, सगळं सुवाच्य अक्षरात आहे. आज घरबसल्या इंटरनेटवर वाचता येतं. त्या पैशासाठी ब्रिटिश सरकारनं १८३५ मध्ये जे कर्ज काढलं, त्याची शेवटची फेड २०१५ मध्ये झाली.